आधी गप्प, मग बघ

"हे कुणी बंद केलं?" सिस्टरनं विचारलं आणि त्याच्या काळजात धस्स झालं. का झालं, ते त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून दिव्याच्या खांबावरची काच पुसत होता आणि तो ते बघत बसला होता, एवढंच. वळून पाहिलं तर सिस्टर पलंगाच्या डोक्याशी, यंत्रापुढे उभी. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटीशी घंटा लुकलुकत होती, तिच्यावर आडवी काट मारलेली. त्याखालचा ऑक्सिजनचा आकडा एक्क्याण्णव होता. बघता बघता त्र्याण्णव झाला, पंच्याण्णव झाला आणि तिथं ठरला. पलंगावर त्याची पाच वर्षांची पोर, घरात जिला सगळे भिंगरी म्हणत ती, तोंड उघडं टाकून झोपली होती. पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टीनं लाल दिवा बांधलेला होता. "मी नाही," तो म्हणाला. विचारल्या विचारल्या म्हणाला, आणि खरं मानून म्हणाला. "मी हातसुद्धा लावला नाही." सिस्टरनं यंत्राच्या पाठीवर दोन थापा मारल्या. "जुनं झालंय हो हे, मनाला येईल ते करतं. मागचं काही लक्षात ठेवत नाही, पुढचं नीट सांगत नाही. वाजलं तर मला हाक मारा बाबा, बटणाला हात लावू नका," असं सकाळपासून तिसऱ्यांदा बजावून तिनं हातातल्या कागदावर पंच्याण्णव लिहिलं आणि गेली. समोरच्या खोलीत कुणाचं तरी तान्हं बाळ ऊर फुटेस्तोवर रडत होतं, म्हणून जाताना तिनं दार लोटून घेतलं.

सकाळी आठला भिंगरीचे टॉन्सिल काढले होते आणि नाकामागच्या गाठीही. दोन वर्षं ही एवढीशी पोर एखाद्या जाडजूड म्हाताऱ्यासारखी घोरत होती आणि घोरता घोरता मध्येच थांबत होती. शेवटी एका रात्री तिला तारा लावून झोपवून तपासलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आलेख पुढे सरकवला होता: तासाला बावीस वेळा श्वास अडतो. "गाठी काढल्या की सुटलो, असं समजू नका," त्या काल म्हणाल्या होत्या. "घसा सुजलेला असतो, भुलीचा अंमल असतो, आणि जी पोरं वर्षानुवर्षं अर्ध्या श्वासावर झोपलीत त्यांची पहिली रात्रच अवघड असते. दुपारी तिला झोपू द्या. झोपेत आकडा नव्वदीखाली गेला नाही तर रात्री साध्या वॉर्डात हलवू. गेला तर इथंच, यंत्रावर, डोळ्यात तेल घालून." साध्या वॉर्डात यंत्र नव्हतं. तिथं सिस्टर चार तासांनी एकदा यायची, कपाळाला हात लावायची आणि जायची. हे सगळं त्याला ठाऊक होतं. बायकोला तर तोंडपाठ होतं. ती बिचारी तीन रात्री नीट झोपली नव्हती; त्यानंच तिला बाराच्या सुमाराला घरी पिटाळली, अंघोळ कर, दोन घास खा, तासभर आडवी हो म्हणून. ती दारापर्यंत जाऊन दोनदा परत आली. "एक दुपार," ती म्हणाली होती. "एवढी एक दुपार सांभाळ." त्यावर तो हसला होता. "अगं, यंत्राकडे बघत बसायचं, हेच तर मी बावीस वर्षं करतोय. माझं पोटच त्याच्यावर आहे!"

ते खोटं नव्हतं. शहराला पाणी सोडतात त्या पंपांच्या नियंत्रण कक्षात तो बसायचा. भिंतभर दिवे, टेबलभर बटणं, आणि दिवसाला दीडदोनशे वेळा वाजणारी घंटा. टाकी भरत आली, घंटा. दाब कमी झाला, घंटा. कुठल्या तरी चौकीवरच्या शहाण्यानं दार उघडं टाकलं, तरी घंटा. नवीन लागला तेव्हा तो प्रत्येक घंटेला दचकून उभा राहायचा. तिथल्या सगळ्यात जुन्या माणसानं, ज्याला सगळे थोरले म्हणत, त्याला खांद्याला धरून खाली बसवलं होतं. "अरे, असा नाचलास तर महिन्याभरात झोपशील की कायमचा! नियम ध्यानात ठेव. आधी गप्प, मग बघ. घंटा वाजत असताना डोकं चालत नाही. बटण दाबायचं, शांत करायचं, मग शांतपणे बघायचं काय झालंय ते." आणि ते बरोबरच होतं. अजूनही त्याला ते बरोबरच वाटत होतं. फक्त बावीस वर्षांत त्यातलं 'मग बघ' कधी झिजून गेलं, ते त्यालाही कळलं नव्हतं आणि थोरल्यांना विचारावं तर ते केव्हाच निवृत्त होऊन बागेत पाणी घालत बसले होते. हात डाव्या बाजूला जायचा, अंगठ्याशेजारचं बोट खाली जायचं, घंटा थांबायची. तोवर जिभेवर असलेलं वाक्यसुद्धा तुटायचं नाही. जेवताना, गप्पा मारताना, पेपर वाचताना. एकदा पाण्यात औषध सोडणारा पंप चाळीस मिनिटं बंद राहिला होता. कुणाला काही झालं नाही, नशीब. चौकशीच्या कागदावर एवढंच आलं की 'घंटा स्वीकारली गेली', म्हणजे बटण दाबून थांबवली गेली. कुणी स्वीकारली ते आलं नाही, आणि त्या संध्याकाळी त्यानं घरी जाताना बायकोसाठी फुलं नेली होती.

त्यानं उगाच आपल्या हाताकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर होता, शहाण्यासारखा. मग यंत्राकडे पाहिलं. यंत्र त्याच्या डाव्या हाताला होतं. खुर्चीत रेलून बसलं की बटण अगदी त्याच उंचीवर, त्याच अंतरावर यायचं. सकाळी खुर्ची ओढून घेताना ती आपण नेमकी तिथंच का ओढली, असा विचार त्याच्या मनात आत्ता पहिल्यांदा आला. काहीतरीच! जागा तेवढीच होती म्हणून ओढली. पण डावा हात कुठं आहे हे बघायला त्याला मान वळवावी लागली, आणि तो यंत्राच्या टेबलाच्या कडेवर, बोटं बाहेर काढून, आरामात पसरलेला दिसला. तो हात उचलायला गेला तर टेबलाला चिकटल्यासारखा वाटला. साडेअकराला पोरीला काडीवरचं बर्फाचं आइस्क्रीम भरवलं होतं, पिवळं. लाल देऊ नका म्हणून सिस्टरनं आधीच सांगितलं होतं. उलटी झाली तर रक्त कुठलं आणि रंग कुठला ते कळत नाही. ते वितळून त्याच्या बोटांवरून ओघळलं होतं, त्यानं रुमालाला पुसलं होतं, नीट धुतलं नव्हतं. आता तो पुढे वाकला. काट मारलेल्या घंटेचं चित्र असलेल्या बटणावर, बरोबर मधोमध, एक पिवळसर ठसा होता. त्यानं बोट टेकवलं, दाबलं नाही, नुसतं टेकवलं. बटण बोटाला किंचित चिकटलं आणि सुटलं.

तो झोपला नव्हता. देवाशपथ झोपला नव्हता! झोपला असता तर एक वेळ परवडलं असतं. माणूस थकतो, डोळा लागतो, कुणीही समजून घेईल. पण तो टक्क जागा होता, डोळे उघडे होते, शिडीवरच्या माणसानं तीन खांब पुसले आणि चौथ्यावर चढला हे त्यानं पाहिलं होतं, निळी गाडी मागे घेताना एका बाईनं कुंडी पाडली हेही पाहिलं होतं. या सगळ्यात घंटा कुठं होती? तो मागे मागे गेला. भिंगरी एकच्या आसपास झोपली. मग शिडी. मग निळी गाडी. मग सिस्टर येऊन शहाण्णव लिहून गेली. मग कुंडीची माती कुणीतरी झाडत होतं. पुन्हा सिस्टर, पंच्याण्णव. तिच्या कागदावर सगळं कसं सुरेख होतं, दर पाव तासाला एक आकडा, एकाखाली एक. असे कागद त्यानं आयुष्यभर भरले होते. तासाच्या ठोक्याला वर बघायचं, जो दिसेल तो आकडा लिहायचा, शेवटी 'सर्व ठीक' लिहून सही ठोकायची. दोन ठोक्यांच्या मध्ये काय झालं ते कागदाला कळत नाही. ते घंटेला कळतं, म्हणून तर घंटा असते. आणि ती घंटा त्यानं दाबली होती. एकदा तरी नक्की. पण एकदाच का? पहिला सूर पुरा व्हायच्या आत जो हात पोचतो, तो कितीदा पोचला हे कुणाला विचारायचं?

त्याला भलत्याच वेळी आई आठवली. शेवटच्या वर्षी ती आतल्या खोलीत पडून असायची आणि काही हवं असलं की चमच्यानं वाटीवर वाजवायची. टिंग टिंग. तो बाहेरून ओरडायचा, "आलो!" आणि टिंग टिंग थांबायचं. ते थांबलं की त्याला वाटायचं, झालं. काम झालं. मग तो हातातलं वाचत राहायचा, आणि पंधरा मिनिटांनी बायको आत जाऊन आईला पाणी देऊन यायची, येताना त्याच्याकडे न बघता. आईनं कधी तक्रार केली नाही. 'आलो' म्हणाला ना, मग येईल, असं धरून ती छताकडे बघत पडायची. आणि भिंगरीचं घोरणं तरी काय वेगळं होतं? ती दोघांच्या मध्ये झोपायची. घोरणं वाढलं की झोपेतच त्याचा हात जायचा, तिला खांद्याला धरून कुशीवर वळवायचा, आवाज बंद. सकाळी बायको लाल डोळ्यांनी सांगायची, अरे तिचा श्वास थांबतो, मी मोजते, काळीज तोंडात येतं माझं. तो म्हणायचा, मी वळवतो की तिला! बायको म्हणायची, वळवतोस रे, पण बघतोस का? हे ती वर्षभर विचारत होती आणि वर्षभर तो मनातून खूश होता की आपला हात झोपेतही किती बापासारखा वागतो.

फोन थरथरला. बायको. "कशी आहे?" तिचा आवाज झोपेनं जड झाला होता. "सगळं ठीक," तो म्हणाला. "आकडा?" "शहाण्णव." यंत्रावर खरंच शहाण्णव होतं. "एकदाही वाजलं नाही?" तिनं विचारलं. आता सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तिकडून तिचा सुटलेला, मोकळा श्वास ऐकू आला, त्याच्या गप्प राहण्यालाच ती उत्तर समजली होती. "चला, देव पावला," ती म्हणाली. "निघते मी. चारपर्यंत पोचतेच." फोन ठेवला आणि त्याला स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून माणूस उठून दारापर्यंत जातोच असं नाही. तो हिशेब करत बसला. समजा सांगितलं. सिस्टर विचारणार, कितीदा? माहीत नाही. केव्हा? माहीत नाही. आकडा किती खाली गेला होता? माहीत नाही. मग तुम्ही इथं काय करत होतात? खांब पुसणाऱ्याला बघत होतो. आणि समजा नाही सांगितलं. एकदाच वाजलं असेल, पाय हलल्यामुळे दिवा सरकून उगाच वाजलं असेल, तसं होतंच. पोर रात्री साध्या वॉर्डात झोपेल, सकाळी उठून पुन्हा आइस्क्रीम मागेल, उद्या घरी. असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली आणि ती दोन मिनिटंसुद्धा टिकली नाही. कारण त्या साध्या वॉर्डात, अंधारात, तिच्या अंगठ्याला काही बांधलेलं नसेल, हे त्याला दिसत होतं.

साडेतीनला सिस्टर कागद घेऊन आली. "डॉक्टरीणबाई येतायत. छान झोपली हं बाळ!" कागदावर एक रकाना होता, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "घंटा एकदाही झाली नाही ना?" त्यानं मान हलवली. वर-खाली की आडवी, कोण जाणे. सिस्टरनं तिथं 'नाही' लिहिलं. शाई वाळायच्या आधीच त्याला ते पुसावंसं वाटलं. ती वळली, दार उघडंच ठेवून बाहेर टेबलाशी जाऊन बसली, समोरच्या खोलीतलं बाळ आता रडायचं थांबलं होतं. आणि मागून, घशात वाळू भरल्यासारखा एक बारीक आवाज आला. "बाबा."

भिंगरी जागी झाली होती. त्यानं वाकून तिच्या ओठांना पाण्याचं बोट लावलं. "दुखतंय?" तिनं मान हलवली. मग डोळे फिरवून यंत्राकडे पाहिलं. "ते ओरडतं," ती म्हणाली. गिळताना तिचा चेहरा वाकडा झाला. "बोलू नकोस राणी," तो म्हणाला, कारण तिनं बोलू नये असंच त्याला वाटत होतं. पण या पोरीनं कधी कुणाचं ऐकलंय! "ते ओरडलं की मला जाग येते. मग तू दाबतोस. मग ते गप्प बसतं. मग मी झोपते." तिच्या आवाजात कौतुक होतं. घरातला बंद पडलेला नळ त्यानं दुरुस्त केला की ती असंच बघायची. "किती वेळा ग?" त्यानं विचारलं. "किती वेळा दाबलं बाबानं?" भिंगरीनं चादरीतून हात काढला आणि तीन बोटं वर केली. ती तीन बोटं बघून त्याला काय वाटलं ते सांगायला नको. पण ती थांबली, कपाळाला आठी घातली आणि करंगळीही वर केली, अर्धवट, कारण करंगळी तिला सरळ करता येत नसे. "आणि एकदा मला श्वास येतच नव्हता," ती म्हणाली. "खूप जोरात ओढला तरी येत नव्हता. मग तू दाबलंस ना? मग आला."

तो उठला. खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आपटली. दारापर्यंत चार पावलं होती. "सिस्टर," तो म्हणाला, आणि आवाज इतका मोठा निघाला की व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले. डॉक्टरीणबाई नेमक्या टेबलाशी उभ्या होत्या, तोच कागद त्यांच्या हातात होता. "ते खोडा. तो 'नाही' खोडा. मी दाबलं. चार वेळा दाबलं मी." सिस्टरचा चेहरा उतरला. "अहो बाबा, मघाशी विचारलं तर म्हणालात—" "मला ठाऊकच नव्हतं!" तो म्हणाला आणि हे किती वेड्यासारखं आहे ते त्याला ऐकू आलं. "म्हणजे नंतर ठाऊक झालं. तरी मान हलवली. माझं कामच ते आहे, घंटा दाबायचं. हात आपोआप जातो." डॉक्टरीणबाई त्याला रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: शेवटची केव्हा, आणि श्वास येत नव्हता असं ती स्वतः म्हणाली का. मग सिस्टरला म्हणाल्या, "वॉर्डात हलवायचं रद्द. नाकाशी ऑक्सिजन लावा, रात्रभर यंत्रावर, आणि तुमची खुर्ची आत घ्या." जाता जाता त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "आणखी तासाभरानं सांगितलं असतंत तर ती वरच्या मजल्यावर असती, साध्या वॉर्डात." एवढंच म्हणाल्या.

आणि त्यांच्या मागे, पिशवी खांद्यावर, केस ओलेच, बायको उभी होती. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. सगळं ऐकण्याइतकी होती. तो सारवासारव करायला गेला, "अगं, म्हणजे—" आणि थांबला. ती भांडेल, रडेल, निदान काहीतरी टाकून बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती आत गेली, पोरीच्या कपाळाचा मुका घेतला, भिंतीला आपटलेली खुर्ची उचलून यंत्राशेजारी नीट लावली आणि तिच्यावर बसली. मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीपाशी, एक लोखंडी स्टूल होतं त्याच्याकडे बोट केलं. "तिकडे बस," ती म्हणाली. "हाताला काही लागणार नाही अशा ठिकाणी."

तो तिकडे बसला. इथून यंत्राची पाठ तेवढी दिसत होती, आकडा दिसत नव्हता. आकडा बायकोच्या चेहऱ्यावर वाचावा लागत होता, आणि ती त्याला तो वाचू देत नव्हती. बाहेर शिडीवाला शिडी खांद्यावर टाकून निघून गेला होता. भिंगरीनं पुन्हा आइस्क्रीम मागितलं, दोन घास चाटले, आईला सिस्टरच्या बुटांबद्दल काहीतरी सांगितलं आणि सहाच्या आधीच पेंगायला लागली. डोळे मिटता मिटता तिनं मान वळवून बाबा कुठं आहे ते पाहून घेतलं. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखा. हात बधिर झाले तरी त्यानं ते काढले नाहीत. त्याला वाटलं, असे रात्रभर बसू. असे आयुष्यभर बसायलाही त्याची ना नव्हती.

तिचा श्वास खरखरत होता. खरखर, खरखर, आणि मग थांबला. या वेळी त्यानं तो थांबताना पाहिला. छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं, आणि हवा कुठंच जात नव्हती. घंटा वाजली. "सिस्टर!" बायको ओरडली; सिस्टर दोन हातांवरच होती, तिनं झेप घेतली, पोरीची हनुवटी वर उचलली, खांदा चोळला, "घे ग बाळा, घे, श्वास घे," आणि घंटा वाजतच होती, कुणीही तिला गप्प करत नव्हतं. पाच सेकंद, दहा सेकंद, इतका वेळ वाजणारी घंटा त्यानं बावीस वर्षांत ऐकली नव्हती. मग पोरीच्या घशातून मोठ्यानं हवा आत गेली. बायकोच्या चेहऱ्यावर आकडा चढत गेला. घंटा आपली आपण थांबली. भिंगरीनं डोळे अर्धे उघडले, आईकडे नाही, सिस्टरकडे नाही, सरळ त्याच्याकडे पाहिलं. आणि तेव्हा त्याला कळलं की त्याचा डावा हात मांडीखालून केव्हाच सुटलाय आणि पलंगावर, हवेत, एक बोट पुढे काढून थांबलाय, जिथं काहीच नव्हतं. तिनं तो हात पाहिला. तिचा चेहरा निवांत झाला, ती किंचित हसली आणि डोळे मिटून झोपी गेली. बायकोनंही तो हात पाहिला. आणि त्याला काही केल्या तो खाली घेता येईना.